चावी खिशात आन् गाडी चालू

"मिस्तरी, चावी माह्या हातात हाय आन् गाडी चालूच हाय."

केदारखेड्याहून अप्पांचा फोन. त्यांच्या आवाजामागं इंजिनाची घरघर. मी तेव्हा एका टेम्पोखाली उताणा पडून गिअरबॉक्सशी कुस्ती खेळत होतो. ऑइलचा एक थेंब माझ्या नाकावर पडायच्या बेतात होता.

"कशाची चावी, अप्पा?"

"गाडीची! कपाटाच्या चावीसाठी तुला फोन करीन का?"

"मंग गाडी बंद करा ना."

"अरे, बंद केली म्हणूनच तर चावी हातात हाय! खाली उतरलो, दार लावलं, पाय धुतले, घरात येऊन चहा पेलो. ती आपली अंगणात चालूच!"

थेंब नाकावर पडला.

जुन्या जालन्यात माझं गॅरेज आहे. गल्ली अशी चिंचोळी की गाडी आत घ्यायची तर समोरच्या कापडवाल्या शेटजींना पोट आत घ्यावं लागतं. 'चालू होत नाही' म्हणून माझ्याकडं आलेल्या गाड्या एकामागं एक उभ्या केल्या तर शेपूट अंबडच्या पुढं जाईल. पण 'बंद होत नाही' ही तक्रार घेऊन कोणी येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या धंद्यात गाडी आपण होऊन बंद पडते. तीच तर आमची भाकरी.

रंगनाथअप्पा वीजखात्यात लाइनमन होते. सगळी नोकरी खांबावर गेली. भोकरदन तालुक्यात असा खांब नाही ज्यानं अप्पांच्या शिव्या ऐकल्या नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी, चौकोनी पेट्रोल गाडी घेतली, कार्बोरेटरवाली. हल्लीच्या गाडीत कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो. जुन्या गाडीत तेच काम कार्बोरेटर नावाचा डबा करतो, लग्नातला आचारी मीठ टाकतो तसं, अंदाजानं. त्या गाडीवर अप्पांचा असा जीव की नातवंडाला ताप आला तर ते दवाखान्यात फोन करत, आणि गाडी खोकली तर स्वतः जालन्याला येत.

"अप्पा, चौथ्या गिअरात टाका, ब्रेक दाबून धरा आन् क्लच सोडून द्या."

असं केलं की इंजिनाला एकदम गाडी ओढावी लागते, तेवढा जोर त्याच्यात नसतो, आणि ते गुदमरून बंद पडतं. फोनवर दाणकन आवाज आला. मग कोंबड्या ओरडल्या. मग कोणीतरी बाई ओरडली. मग शांतता.

"मेली," अप्पा म्हणाले. "आन् तुह्या काकूच्या हातातली परात पडली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी गॅरेजात हजर. मी बसलो, चालू केली, चावी फिरवली. बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. शाळेत नवीन आलेल्या पोरासारखी शहाणी.

"अप्पा, काही दुखतंय असं तर म्हणत न्हाई ही."

"अरे काल चालू होती! सगळ्या गल्लीनं पाह्यलं. काकूला इचार!"

"कधीपास्नं चाललंय हे?"

"घट बसले त्या दिवसापास्नं."

म्हणजे नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून. ते उत्तर मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. मेकॅनिकला तिथी काय कामाची?

आता थोडं समजून घ्या. पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवा आत जाते आणि स्पार्क प्लग तिथं ठिणगी टाकतो. चावी बंद केली की ठिणगी बंद, ठिणगी बंद की इंजिन बंद. पण जुन्या इंजिनात आत काजळी साठते. ती चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल होते, आणि मग ठिणगी नसतानाही पेट्रोल त्या निखाऱ्यावर पेट घेत राहतं. याला आम्ही डिझेलिंग म्हणतो, कारण डिझेल इंजिनही ठिणगीशिवायच चालतं. माझ्या डोक्यात हेच बसलं. मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. काजळी इतकी निघाली की तिच्यात जिल्ह्यातल्या सगळ्या बाळांना काजळ घालून उरलं असतं. घासली, पुसली, आयडलिंग कमी केलं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन जेवढं फिरतं तेवढं जरा हळू केलं. अप्पा खुश होऊन गेले.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. आधी दिसलं थरथरणारं बॉनेट. मग दिसली चावी. मग अप्पांचा चेहरा.

"बोल आता."

मी फोन बाकावर उलटा ठेवला.

तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या मुलाचा, संतोषचा फोन आला. पोरगं सरळ आहे, पण बापाच्या काळजीनं चिडलेलं.

"काका, खरं सांगा, गाडीत दोष आहे की अप्पांत?"

"म्हणजे?"

"आई म्हणते गाडी बंद होत न्हाई. तुम्ही म्हणता होते. मंग अप्पा चावी बराबर फिरवतात की न्हाई? गेल्या वर्षी त्यांनी सोयाबीनच्या ढिगात गाडी घातली होती."

"ते ब्रेक लागला न्हाई म्हणून. मीच दुरुस्त केला तो."

"काका, उद्या गाडी चालू राह्यली आन् कोणाच्या अंगावर गेली तर? मी दसऱ्याला येऊन राह्यलो. तोवर झाली तर झाली. न्हाई तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल, मी त्याला सांगून ठेवलंय. आन् अप्पांचं गाडी चालवणं बंद."

अप्पांना हे कळलं तेव्हा ते माझ्याकडं आले आणि गॅरेजच्या बाकावर बसून राहिले. एरवी हा माणूस बसला की बाकसुद्धा बोलायला लागतं.

"फाट्यावर उभं राहून बसची वाट पाहायची आता," शेवटी ते म्हणाले. "काकूला बाजाराला न्यायचं तर कोण्या तरी फटफटीवाल्याला हात जोडायचे. त्यापरिस मला पुन्हा खांबावर चढवा."

मी म्हणालो, "अप्पा, दसऱ्याच्या आत गाडी बंद होईल. न्हाई झाली तर मी गॅरेज बंद करतो."

हे समोरच्या शेटजींनी ऐकलं. त्यांनी लगेच बाजूच्या पानवाल्याला सांगितलं. दुपारपर्यंत धान्यबाजारात बातमी होती की मिस्तरी गॅरेज विकतोय. दोन गिऱ्हाइकं जागा बघायला येऊन गेली.

आता संशय इग्निशन स्विचवर. चावी जिथं घालतो त्याच्या मागं पितळी टिकल्या असतात. चावी फिरवली की त्या एकमेकींना चिकटतात आणि करंट पुढं जातो. जुन्या झाल्या की चावी काढली तरी चिकटून बसतात. मी स्विचच नवा टाकला. गॅरेजात गाडी बंद होत होतीच, तशीच झाली. केदारखेड्यात चालू राहत होती, तशीच राहिली.

शेटजी म्हणाले, "मिस्तरी, गाडी तुमच्या धाकात हाय. तिच्यात तुमचा फोटो लावा, काम झालं."

पानवाला म्हणाला, "न्हाई हो शेटजी, तिला केदारखेड्याची हवा लागते. इथं आली की जीव गुदमरतो तिचा."

हसून घ्या म्हटलं. पण पानवाल्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. माझ्याकडं आली की दुखणं गायब, घरी गेली की हजर. मग मी कोणत्या गाडीची दुरुस्ती करत होतो? निरोग्या गाडीची. आजारी गाडी केदारखेड्यात होती.

खंडेनवमीला गॅरेज बंद असतं. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक, सगळे धुऊन-पुसून पाटावर मांडलेले, हळदीकुंकू लावलेले, झेंडूत बुडालेले. त्यांना हात लावायचा नाही. तसा मी रिकामाच होतो. उद्या दसरा. मोटारसायकल काढली आणि निघालो. खिशात फक्त टेस्ट लॅम्प. एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढाच तो प्रकार. ती माझी लाडकी वस्तू पूजेत मांडण्याइतकी देखणी नव्हती, म्हणून पाटावरून सुटली.

अंगणात गाडी. मी बघतच राहिलो. ही गाडी मी कितीदा उलटीपालटी केली होती, पण असा थाट कधी पाहिला नव्हता. डॅशबोर्डवर लाल कापड, मीटरवर झेंडूची माळ, आणि मधोमध लाकडी स्टँडवर देवीची छोटी मूर्ती. तिच्या डोक्यामागं लाल दिवा.

अप्पांनी गाडी चालू केली. मग चावी काढून माझ्या हातावर ठेवली. इंजिन चालूच. गल्ली तमाशाला गोळा झाली. रोजचा कार्यक्रम होता त्यांचा.

मी कान दिला आणि मला माझाच राग आला. डिझेलिंग असतं तर इंजिन दचकत, लाथा झाडत चाललं असतं. हे तर एका सुरात चालत होतं. फोनवर सगळीच इंजिनं पिठाच्या गिरणीसारखी वाजतात, त्यामुळं मला ते कळलंच नव्हतं. बॉनेट उघडलं. कॉइल नावाचा डबा असतो, ठिणगीला लागणारा करंट तोच वाढवून देतो. त्याची वायर उपटली. इंजिन जागच्या जागी बंद.

"म्हणजे ठिणगी पडून राह्यली," मी म्हणालो. "चावी माह्या हातात, आन् ठिणगी चालू!"

वायर पुन्हा लावायच्या आधी तिच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला. बल्ब लख्ख पेटला. अप्पांना मीटरवरची माळ बाजूला करायला लावली, तर आतले लाल दिवे लागलेले. गाडी बंद, चावी बाहेर, आणि गाडीला वाटतंय की चावी आत आहे. कुठून तरी मागच्या दारानं करंट येत होता.

गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, "देवीच्या मनात न्हाई गाडी बंद व्हावं म्हणून. घट बसल्यापास्नंच चालू हाय हे."

आणि तेव्हा ते दुसऱ्या कानानं सोडून दिलेलं उत्तर माझ्या डोक्यात फिरून आलं.

"काकू," मी विचारलं, "ही देवी गॅरेजात कधी दिसली न्हाई मला."

"कशी दिसंल?" काकू म्हणाल्या. "गॅरेजात देव नेतेत का? तुमी चपला घालून गाडीत शिरता. कोण बिड्या ओढतंय, कोण शिव्या देतंय. जालन्याला निघाले की मी कापड-माळंसकट देवीला उचलून आत घटापाशी ठिवते. गाडी आली की पुन्हा बसवते."

"दर वेळी?"

"दर वेळी म्हंजे? रात्रीबी आतच नेते."

मी डॅशबोर्डकडं हात नेला. काकूंनी तो हवेतच अडवला.

"हात धुतले?"

हात धुतले. पाय धुतले. कपाळाला कुंकू लावून घेतलं. काकूंनी वरून खालपर्यंत पाहिलं आणि माझा पट्टा चामड्याचा आहे म्हणून तोही काढायला लावला. एका हातानं पँट धरून मी गाडीत बसलो. कॉइलची वायर लावली होती. गाडी चालू केली, चावी काढली. चालूच. नमस्कार करून देवी स्टँडसकट वर उचलली.

इंजिन बंद.

मग त्या म्हाताऱ्यानं हात जोडले. मागच्या दोन बायकांनी हात जोडले. कोणीतरी नारळ आणायला पळालं. मला चार-पाच घरांतून पाटावर बसवायची तयारी सुरू झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला.

पण मी स्टँड उलटा केला. खाली दोन पिना. एकीत डॅशबोर्डातून येणारी जुनी वायर बसायची, स्टँड उचलला की सुटायची. दुसरीत एक नवी कोरी वायर, मूळच्या वायरींच्या जुडग्याआडून अगदी नीट क्लिपा मारून बॉनेटकडं नेलेली, म्हणूनच मला कधी दिसली नव्हती. काम असं सुबक की चुकूनही माझ्या हातचं वाटणार नाही.

"ही दुसरी वायर कोणी टाकली?"

"म्या," अप्पा छाती काढून म्हणाले. "पहिली चावीवरची हाय. गाडी बंद केली की दिवा इझायचा. काकू म्हणली नवरात्रात दिवसाचा दिवा इझायला नको. मंग घट बसले त्या दिवशी एक लाइन डायरेक्ट बॅटरीहून दिली."

"आन् पहिली ठेवली?"

"ठेवली की! अरे, आख्खी नोकरी मराठवाड्यात केली. एकाच लाइनीवर कोण भरवसा ठेवतंय? एक गेली तर दुसरी पाहिजे. देवीला डबल सप्लाय देला!"

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं ज्याला जमतं तो दोन ठिकाणांहून लाइन घेतो आणि वर इन्व्हर्टर लावतो. फक्त त्या दोन्ही वायरी स्टँडच्या आत एकमेकींना जोडलेल्या होत्या. मी अप्पांना एवढंच म्हणालो:

"चावी बंद केली. बॅटरीचा करंट नव्या वायरीनं दिव्यापाशी आला. पुढं कुठं गेला?"

अप्पांनी नव्या वायरीवर बोट ठेवलं. बोट स्टँडपर्यंत आलं. दुसऱ्या पिनेवर गेलं. तिथून जुन्या वायरीवरून डॅशबोर्डात, चावीच्या लाइनीपर्यंत. आणि थांबलं. चेहरा पांढरा, मग लाल.

"रिटर्न सप्लाय," ते हळूच म्हणाले.

हे काय ते सांगतो. लाइनमन लाइन बंद करून खांबावर चढतो. खाली कोणीतरी घरात जनरेटर लावतं, मेन स्विच न पाडता. मग तो करंट उलटा खांबावर जातो. लाइनमनला ज्याची सगळ्यात जास्त भीती असते, ते हे. अप्पांनी त्यासाठी किती जणांचे जनरेटर बंद पाडले, किती सरपंचांना भर चौकात झापलं, याची गणती नाही.

काकू म्हणाल्या, "त्या किराणावाल्याला तुमी रिटर्न सप्लायसाठी दारात जाऊन शिव्या देल्त्या ना?"

"देल्त्या."

"त्याचा दोष मोठा की तुमचा?"

"त्यानं निदान देवीला मधी घेतलं न्हवतं," अप्पा म्हणाले, आणि हसत सुटले. गल्ली हसली. नारळ घेऊन पळत आलेला माणूस काय झालं ते न कळता हसला.

दुरुस्तीला हत्यार लागलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण अप्पांची पक्कडही पाटावर कुंकू लावून बसली होती. चावीकडची जुनी वायर हातानं ओढून काढली, टोकाला टेप गुंडाळली. देवीचा दिवा आता फक्त बॅटरीवर. अखंड. काकूंनी देवी परत बसवली, दिवा लागला. अप्पांनी गाडी चालू केली, चावी फिरवली. बंद. पुन्हा. बंद. म्हाताऱ्याच्या तोंडावर जराशी निराशा दिसली. गल्लीचा रोजचा कार्यक्रम संपला होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. शेटजींनी पोट आत घेतलं. अप्पा चालवत होते, शेजारी संतोष, मागं काकू. सोनं द्यायला आले होते, आपट्याची पानं घेऊन. संतोषनं फाट्यापासून दहा ठिकाणी गाडी थांबवून पाहिली होती. माझ्यासमोर अकराव्यांदा त्यानंच चावी फिरवली. बंद.

"गाडी ठीक आहे," तो म्हणाला. "पण काका, वायर अप्पांनीच टाकली होती ना? मंग दोष अप्पांतच निघाला."

"दोष वायरिंगमध्ये निघाला," मी म्हणालो. "ड्रायव्हिंगमध्ये न्हाई. तू बंद काय करणार होतास, त्यांचं वायरिंग की गाडी चालवणं?"

संतोषनं बापाकडं पाहिलं. अप्पा समोरच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत होते.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "चालवा. पण वायरीला हात लावायचा न्हाई."

"बिलकुल न्हाई," अप्पा म्हणाले. ते इतक्या जल्दी म्हणाले की मला शंका आली.

संतोषनं तिथंच उभं राहून भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मी अप्पांना आत बोलवायला पुढं झालो, तर काकू गाडीतूनच ओरडल्या, "चपला काढा! आज सणाची देवी संगं हाय गाडीत!" माझ्याच गॅरेजात मी अनवाणी उभा राहिलो.

तेव्हापासून मी एक पद्धत बदलली. गाडी आली की काय झालंय हे सगळेच मेकॅनिक विचारतात. मी आधी विचारतो, येताना घरी काय काढून ठेवलं? लोक घरची गाडी चालवतात, आणि गॅरेजात धुतलेली, झाडलेली, रिकामी गाडी आणतात. मग दुखणं घरीच राहतं आणि आम्ही स्विच बदलत बसतो. परवा एकाची गाडी मागून खडखड वाजत होती, पण माझ्यासमोर वाजेना. विचारलं, घरी काय ठेवून आलात? म्हणाला, सासूबाई. म्हटलं, घेऊन या. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि पहिल्याच खड्ड्यात आवाज सापडला. मागचा शॉकअप गेलेला होता.